अचूक रायफलसाठी कोणते भाग निवडावेत? हिंगण्याच्या एका तरुण अभियंत्याला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. परदेशातील नेमबाज बॅरल (नळी), ट्रिगर, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग), दस्ता आणि दुर्बीण वेगवेगळ्या ठिकाणांहून निवडून स्वतःची अर्धस्वयंचलित रायफल जुळवतात, हे आपण पाहिले. आपण हिंगणा एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्रावर काम करता, शतांश मिलिमीटरची भाषा आपल्याला परकी नाही, तेव्हा असे काही आपणही जुळवावे, असे आपल्याला वाटले. मर्यादित पैशांत कोणत्या भागावर जास्त खर्च करावा आणि कोणत्या भागावर कमी, हे आपल्याला हवे आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण सहज लिहून गेला आहात, की ‘मला शिकार करायची नाही, कुणाला दाखवायचेही नाही, मला फक्त एका छिद्रावर दुसरे छिद्र पाडायचे आहे.’ माझ्या दृष्टीने खरा प्रश्न या वाक्यात आहे, आणि उत्तरही मी याच वाक्याला देणार आहे.

मी नागपुरात गेली वीसेक वर्षे एअर रायफलींची जुळणी व दुरुस्ती करतो आणि शाळा-महाविद्यालयांतील मुलांना दहा मीटर नेमबाजी शिकवतो. त्यामुळे पुढचे सारे विवेचन त्या अनुभवाच्या चौकटीतले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम कायद्याची बाजू. ज्या लोकांचे लेख आपण वाचले ते बहुधा अमेरिकेतील आहेत. तिथे रायफलचा सांगाडा म्हणजे रिसीव्हर एवढाच भाग केंद्रीय कायद्याने बंदूक मानला जातो, बाकीचे बहुतेक भाग सायकलच्या सुट्या भागांसारखे विकत मिळतात, आणि म्हणूनच भाग निवडून जुळवण्याचा छंद तिथे वाढला. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. त्यानुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे हा गुन्हा आहेच, पण ते बनवणे हा त्याहून गंभीर गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. अग्निशस्त्राचे भागही याच कायद्याच्या कक्षेत येतात. ‘मी फक्त बॅरल कातली, बाकी काही केले नाही’ हा बचाव होत नाही. आपल्या हाती यंत्र आहे आणि कौशल्यही आहे, म्हणून हे जरा स्पष्ट शब्दांत लिहिले. अग्निशस्त्राचा एकही भाग कारखान्यात किंवा घरी करू नये, आणि कुणी मित्राने ‘नमुना म्हणून एक काढून दे’ असे म्हटले तरी करू नये. त्या रायफलच्या भागांविषयी मीही इथे काही सांगणार नाही.

दुसऱ्या बाजूला, २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे आपल्या बोलीतील पॉइंट वन सेव्हन सेव्हनपेक्षा, मोठी नळी नसलेल्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यावा आणि पावती जपून ठेवावी. ही एअर रायफल म्हणजे गरिबाची सोय नव्हे. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात, आणि ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे विश्वविजेते झाले तेही याच प्रकारात. आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नसेल. ऑलिंपिकमधील एकाही रायफल प्रकारात अर्धस्वयंचलित रायफल वापरत नाहीत. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, ती ५० मीटरची पॉइंट टू टू रायफलही प्रत्येक वेळी हाताने एक-एक काडतूस भरण्याची असते. आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या यंत्रणेत जड भाग मागे-पुढे धावतात आणि त्यांना धावण्यासाठी जागा सैल ठेवावी लागते. ती सोय वेगासाठी आहे. एका छिद्रावर दुसरे छिद्र पाडण्यासाठी तिचा उपयोग नाही.

आता मूळ मुद्दा. कोणत्या भागावर खर्च करावा याचा क्रम रायफलच्या प्रकारावर ठरत नाही, तो कामावर ठरतो. तीनशे मीटरवर जमिनीवर झोपून, टेकू घेऊन मारायचे असेल तर बॅरल आणि काडतूस हेच सर्वस्व असते, कारण तिथे शरीराची थरथर टेकूने घेतलेली असते आणि नळीतली सूक्ष्म चूक अंतराबरोबर मोठी होत जाते. दहा मीटरवर उभे राहून, टेकूशिवाय मारायचे असेल तर हा क्रम जवळपास उलटा होतो. परदेशी यादी जशीच्या तशी उचलली की फसगत होते ती इथे.

आपण अभियंते आहात म्हणून आकड्यांत सांगतो. दोन स्वतंत्र कारणांनी होणारे विचलन सरळ बेरजेने वाढत नाही, ते वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने वाढते. समजा, सहा महिने सराव केलेल्या मुलाच्या शरीराच्या हालचालीमुळे पडणारा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका, २४ मिलिमीटरचा आहे आणि त्याची साधी रायफल शिकंज्यात धरून १२ मिलिमीटरचा ग्रुप देते. एकत्रित ग्रुप साधारण २६.८ मिलिमीटर होईल. त्याने दुप्पट अचूक, ६ मिलिमीटरची रायफल घेतली तर एकत्रित ग्रुप २४.७ होईल, म्हणजे एवढा पैसा ओतून २ मिलिमीटर मिळाले. त्याऐवजी तीच जुनी रायफल त्याच्या अंगाला नीट बसवली, ट्रिगर नीट लावला आणि शरीराचा ग्रुप २४ वरून १८ वर आणला, तर एकत्रित ग्रुप २१.६ होतो, म्हणजे ५ मिलिमीटरची कमाई. पुढे शरीर ८ मिलिमीटरवर आले की गणित फिरते आणि तेव्हा महागडी नळी स्वतःची किंमत वसूल करते. तेव्हा ‘सगळ्यात चांगला भाग कोणता’ हे विचारण्यापूर्वी आपले विचलन आज कुठून येते ते मोजावे लागते.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. रायफल गादी लावलेल्या शिकंज्यात किंवा वाळूच्या पिशवीवर भक्कम टेकवून दहा गोळ्या मारा, मग उभे राहून दहा मारा. असे प्रत्येकी चार-पाच वेळा करा. पाच गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर विश्वास ठेवू नका. असा ग्रुप प्रत्येकाच्या पाकिटात जपून ठेवलेला असतो आणि तो बहुधा योगायोगाचा असतो.

लक्ष्य किती बारीक आहे हेही एकदा पाहून घ्या. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटरचा असतो आणि पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरची. पेलेटची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. त्या अडीच मिलिमीटरचे पुन्हा दहा भाग करून १०.० ते १०.९ असे गुण देतात, तेव्हा गुणाचा दहावा भाग म्हणजे पाव मिलिमीटर. आपल्या कारखान्यात पाव मिलिमीटरची चूक झाली तर माल परत येतो; इथे तेवढ्या चुकीत १०.९ चे १०.८ होतात.

पहिला खर्च पेलेटवर करा, असा माझा सल्ला आहे. दुकानात रायफलभोवती गर्दी असते आणि पेलेटचा डबा शेवटी कुठला तरी उचलला जातो, हे मी कायम पाहत आलो आहे. सामन्याच्या पेलेट चपट्या डोक्याच्या, सुमारे अर्ध्या ग्रॅमच्या असतात, ५०० च्या डब्यात येतात आणि डोक्याच्या व्यासानुसार ४.४८ ते ४.५२ मिलिमीटर अशा शतांशाच्या टप्प्यांत मिळतात. कोणत्या नळीला कोणता व्यास मानवेल हे कागदावर सांगता येत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन रायफलींना वेगवेगळे व्यास मानवलेले मी पाहिले आहेत. तीन-चार व्यासांचे एक-एक डबे चार मित्रांनी मिळून घ्यावेत, प्रत्येकाने आपली रायफल शिकंज्यात लावून प्रत्येक व्यासाच्या दहा-दहा पेलेटचे तीन ग्रुप पाडावेत, आणि जो व्यास जुळेल त्याच लॉटचे, म्हणजे डब्यावरील उत्पादन क्रमांक सारखा असलेले, वर्षभराचे डबे एकदम घ्यावेत. स्वस्त, टोकदार, डब्यात खडखडणाऱ्या पेलेटवर चांगली रायफलही वाईट दिसते. खालच्या घेराचा पातळ भाग वाकला की ती पेलेट सरावातून बाद समजावी.

दुसरा खर्च, आणि वेळ तर सर्वांत जास्त, दस्त्याच्या जुळणीवर करा. दस्ता म्हणजे रायफल आणि शरीर यांच्यामधला सांधा. खांद्याला टेकणारी बट-प्लेट, गालाखालची पट्टी, मुठीचा आकार, डाव्या हाताखालचा टेकू आणि वजनाचा तोल, हे पाचही बदलता येतील अशी रायफल घ्या, मग तिची नळी थोडी साधी असली तरी चालेल. उभ्या स्थितीत डावे कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीखाली टेकते आणि रायफलचा भार हाडांवरून जमिनीत उतरतो. हा भार स्नायूंवर आला की पंधराव्या गोळीपासून हात थरथरू लागतो. स्पर्धेत ६० गोळ्या ७५ मिनिटांत मारायच्या असतात, हे ध्यानात ठेवा. नियमाप्रमाणे रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, पण चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती साडेपाच किलो देणे म्हणजे तिच्या पाठीचे नुकसान करणे आहे. जड रायफल स्थिर असते हे अर्धसत्य आहे. आपल्या हाडांना पेलेल एवढीच जड रायफल स्थिर असते.

गालाच्या पट्टीविषयी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पंधरा वर्षांची मुलगी येत असे. तिच्या गोळ्या सारख्या खाली-डावीकडे सांडत. तिच्या वडिलांनी नवी रायफल घेण्याची तयारी केली होती, बँकेतून पैसे काढण्यापर्यंत गोष्ट आली होती. मी तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली, दोन श्वास घ्यायला लावले आणि मग डोळे उघडायला सांगितले. तिला मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाच्या, छिद्रातून समोरची साइट पूर्ण दिसतच नव्हती. ती प्रत्येक वेळी मान दाबून खाली नेत होती आणि दहा-बारा सेकंदांनी मानेचा स्नायू हळूच सोडत होता. पट्टी ४ मिलिमीटर खाली घेतली आणि दीड मिलिमीटर बाहेर. एवढेच. रायफल तीच राहिली, बँकेतले पैसे बँकेत राहिले. ही डोळे मिटण्याची चाचणी आपणही करून पाहा. डोळे उघडल्यावर नजर आपोआप दोन्ही साइटच्या मध्यात आणि रायफल आपोआप लक्ष्याच्या दिशेने असली पाहिजे. दिशा चुकली असेल तर हाताने ओढू नका, पाय सरकवा.

बट-प्लेट आणि पट्टी यांच्या प्रत्येक बदलाची नोंद वहीत तारखेसह करावी आणि एका दिवशी एकच बदल करावा. कारखान्यात आपण एका वेळी यंत्रातील तीन ऑफसेट (मापाच्या दुरुस्त्या) बदलत नाही, तसेच हे आहे.

ट्रिगरसाठी दोन टप्प्यांचा आणि पूर्ण जुळवता येणारा ट्रिगर हवा. पहिला टप्पा हलका आणि लांब, मग बोटाला स्पष्ट भिंत जाणवावी, आणि त्या भिंतीपलीकडे सरपटणे न होता ट्रिगर सुटावा. दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅम जोर लागला पाहिजे असे बंधन आहे, एअर रायफलला तसे बंधन नाही. त्यामुळे मुले लगेच ट्रिगर पिसासारखा हलका करून मागतात. मी नवख्याला शंभर ते दीडशे ग्रॅमच्या आसपास ठेवतो, कारण बोटाला भिंत कळण्याआधीच गोळी सुटली तर नेम शिकण्याऐवजी दचकणे शिकले जाते. ट्रिगरच्या स्क्रूंना हात लावण्यापूर्वी मूळ फेऱ्या मोजून लिहून ठेवा. अति हलका केलेला ट्रिगर बोल्ट बंद करताना स्वतःहून सुटू शकतो. जुळणीनंतर रिकामी रायफल सुरक्षित दिशेला धरून, दस्त्याला रबरी हातोडीने हलके टकटक करून तो सुटत नाही ना, याची खात्री करा.

साइटच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे: दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट आणि पुढे नळकांड्यातील कडे. मागच्या साइटची क्लिक, म्हणजे तिची चकती फिरवताना बसणारा एकेक टप्पा, नेमकी असली पाहिजे. चार क्लिक उजवीकडे नेऊन चार डावीकडे आणल्यावर ग्रुप मूळ जागी आला नाही, तर ती साइट कितीही चकचकीत असो, घेऊ नका. पुढच्या कड्याचा व्यास मात्र फुकटात सुधारता येतो. लक्ष्यावरील काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. पुढची साइट डोळ्यापासून ८० सेंटिमीटरवर असेल तर तिथे तो सुमारे २.४ मिलिमीटरचा भासतो. नवखे नेमबाज ३ मिलिमीटरचे कडे लावतात, त्यात चहूबाजूंनी केवळ ०.३ मिलिमीटरची पांढरी फट राहते, काळा गोल सतत कड्याला चिकटतो-सुटतो आणि मन घाबरते. ३.८ किंवा ४ चे कडे लावा. फट रुंद झाली की डोळा मध्य आपोआप काढतो.

साइटची एक गोष्ट माझ्यावर बेतलेली आहे. सुरुवातीच्या काळात मी एक जुनी रायफल घेतली. विकणाऱ्याने ‘पूर्ण तपासून दिली आहे’ असे सांगितले होते. ग्रुप दर पाच-सहा गोळ्यांनी जागा बदलत असे. मी पेलेट बदलल्या, नळी साफ केली, पट्टी बदलली, दोन महिने स्वतःच्या श्वासाला दोष दिला. शेवटी कळले की मागच्या साइटच्या पकडीचा एक स्क्रू आटे गेल्यामुळे घट्ट होतच नव्हता. नाचता येईना अंगण वाकडे असे आपण म्हणतो, पण कधी कधी अंगण खरेच वाकडे असते. तेव्हापासून कोणतीही रायफल हाती आली की मी आधी सगळे स्क्रू तपासतो: साइट, दस्ता, बट-प्लेट, या क्रमाने.

आता शक्तीचा स्रोत. इथे परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे आणि नागपूरची हवा त्यात भागीदार आहे. साध्या स्प्रिंगच्या रायफलमध्ये पेलेट नळीत असतानाच दट्ट्या पुढे आपटतो आणि रायफल मागे-पुढे हिसकते. ती प्रत्येक वेळी नेमकी तशीच धरली तरच ग्रुप येतो. शिकायला ती कठोर शिक्षक आहे, पण महिन्या-दोन महिन्यांत निराशा पदरी येते. फाइनवर्कबाउ ३०० मालिकेसारख्या जुन्या जर्मन रायफलींत यंत्रणा रुळावर सरकवून तो हिसका काढला होता. त्यानंतरच्या एकदाच दांडा ओढून हवा दाबणाऱ्या रायफली, उदाहरणार्थ फाइनवर्कबाउ ६०० मालिका, धक्कारहित आहेत आणि त्यांना बाहेरून हवा भरावी लागत नाही. अशी एखादी चांगल्या अवस्थेतली जुनी रायफल मिळाली तर मी डोळे मिटून सुचवीन, मात्र सील नवे मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे. दांडा ओढण्याचा जोर लहान मुलांना जड जातो, आपल्याला जाणार नाही.

आज स्पर्धेत जवळपास सर्वत्र सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) हवा भरलेल्या रायफली दिसतात. वाल्थर, फाइनवर्कबाउ, आन्शुट्झ, स्टायर या परदेशी कंपन्या आणि आपल्याकडे प्रिसिहोल यांसारखे उत्पादक त्या बनवतात. आत हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर असल्याने पहिल्या आणि शंभराव्या गोळीचा वेग जवळपास सारखा राहतो. अर्ध्या ग्रॅमची पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटरने निघते, म्हणजे ऊर्जा आठ ज्यूलच्याही आतच. वीस ज्यूलच्या मर्यादेपासून आपण बरेच लांब आहोत आणि लांबच राहायचे आहे. जोर वाढवण्याच्या नादी लागू नये. दहा मीटर कापायला पेलेटला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर खाली येते, तेही साइटने भरून निघते. वेग वाढवून मिळवायचे काहीच उरत नाही.

सिलिंडरच्या बाबतीत मात्र काळजी घ्या. त्यावर उत्पादनाची तारीख असते आणि मुदत संपलेला सिलिंडर वापरू नये. ती तपासण्याची जबाबदारी स्पर्धेतही नेमबाजाचीच असते. जुनी रायफल घेताना किमतीच्या आधी ही तारीख पाहा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, गाडी उन्हात उभी करून रायफल डिकीत ठेवणे हा नागपुरातला नेहमीचा अपराध आहे. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ४५ अंशांना २१३ बारवर जातो, आणि बंद गाडीत ६५ अंश झाले तर २२५ च्या पुढे. उन्हाळ्यात १७०-१८० बारच भरा आणि रायफल घरातल्या सावलीत ठेवा. सिलिंडरच्या तोंडाला किंवा आट्यांना तेल-ग्रीस कधीही लावू नका, कारण दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकते. हातपंपाने भरणार असाल तर पावसाळ्यात पंपाचा ओलावा शोषणारा भाग वेळच्या वेळी बदला. आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट: सरावाच्या खोलीत कूलर लावतात, त्याच्या झोताने कागदी लक्ष्य फडफडते आणि दमट हवेने नळीच्या तोंडाशी गंज धरतो. सरावापुरता कूलर बंद ठेवा, किंवा झोत निदान लक्ष्यावर येऊ देऊ नका.

बॅरलविषयी आपण सर्वांत जास्त विचारले होते आणि मी सर्वांत कमी लिहिणार आहे. कोणत्याही नावाजलेल्या सामना-रायफलची नळी आपल्यापेक्षा पुढची पाच वर्षे तरी चांगलीच असेल. तिला लोखंडी ब्रश लावू नका, अधूनमधून फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या मारून साफ करा, साफ केल्यावर दहा-पंधरा पेलेट मारून मगच ग्रुप मोजा. बास.

पैशांचा विचार असा करा. हाती शंभर रुपये असतील तर पन्नास रायफलला, पंचवीस जाकीट, पँट, बूट आणि हातमोज्याला, वीस वर्षभराच्या पेलेट व हवेला आणि पाच जुळणीच्या अवजारांना. जाकीट अंगाच्या मापाचे शिवून घ्यावे. ते पाठीला आधार देते, आणि दुसऱ्याचे जाकीट घालून केलेली दस्त्याची जुळणी नव्या जाकिटात पुन्हा करावी लागते. म्हणून जाकीट आधी, जुळणी नंतर. अर्थात, आपण केवळ घरी आनंदासाठी मारणार असाल तर जाकिटाचे पैसे पेलेटमध्ये घाला. जिल्हा व राज्य स्पर्धांत उतरायचे असेल तर संघटनेचे सदस्यत्व आधी घ्या. क्लबच्या रायफलवर दोन-तीन महिने मारल्याशिवाय स्वतःची घेऊ नका, कारण आपल्या खांद्याची आणि मानेची मापे तोवर आपल्यालाच माहीत नसतात.

घरी सरावाला नेमबाजापासून लक्ष्यापर्यंत साधारण तेहतीस फूट अंतर लागते. मागे भक्कम पेलेट-ट्रॅप आणि त्यामागे भिंत हवी, दार आतून बंद हवे, आणि पेलेट शिशाच्या असल्यामुळे सरावानंतर हात साबणाने धुवावेत. गच्चीवरून, झाडाकडे किंवा पक्ष्यांकडे रोखून कधीही मारू नये.

राहिला आपल्या सीएनसीचा प्रश्न. ते कौशल्य वाया जाण्याचे कारण नाही, फक्त दाब धरणाऱ्या भागांना, नळीला आणि ट्रिगरच्या आतल्या तुकड्यांना हात लावू नका. बाकी कितीतरी आहे. ॲल्युमिनियमची, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली गालाच्या पट्टीची पकड बनवा. पन्नास-पन्नास ग्रॅमची पितळी वजने बनवा आणि ती पुढे-मागे सरकवून तोल शोधा. पेलेट चाचणीसाठी शिकंजा बनवा, ज्यात रायफल प्रत्येक गोळीनंतर त्याच जागी परत बसेल. बाजारात मिळणारे शिकंजे महाग आहेत आणि माझा पहिला शिकंजा बुटीबोरीच्या एका कारखान्यातल्या भंगारातील मार्गदर्शक दांड्यांवर उभा राहिला होता, तो आजही चालतो. जे काही दस्त्यावर लावाल त्याची मापे स्पर्धेच्या उपकरण तपासणीत बसतात का, ते नियमपुस्तिकेत आधी पाहून घ्या.

सुरुवात शिकंज्यापासून करा. तो तयार झाला की क्लबची रायफल त्यात लावून दहा गोळ्यांचे पाच ग्रुप आणि उभे राहून पाच ग्रुप पाडा, आणि दोन्हींचे सरासरी व्यास मला कळवा. सोबत आपली उंची, खांद्यापासून ट्रिगरच्या बोटापर्यंतचे अंतर आणि मान ताठ ठेवल्यावर खांद्याच्या वरच्या रेषेपासून डोळ्यापर्यंतची उंची लिहा. तेवढ्यावर कोणती रायफल घ्यावी हे मी नाव घेऊन सांगू शकेन.